रेजिना बोटीत बसत नाही

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

चहा! १७३९ साली, वसईत, भुईगावच्या वाडीत आमची नायिका सकाळी उठून चहा पिते! वर दूध घालून!

टाईप करता करता माझे हात थांबले. म्हटलं, "ऑड्री, तेव्हा आमच्याकडे चहा नव्हता." ती खुर्चीत डोळे मिटून बसलेली. "असं? मग काय प्यायची ती?" पेज, म्हटलं. भाताची पेज, मीठ घालून. मग पेज कशी शिजवतात, कशातून पितात, तोंडी लावायला काय, करपली तर कोण कोणाला बोलतं, यातच सकाळ गेली. एक पान झालं नाही!

बावीस वर्षं वसईच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इथे अॅडलेडला माझ्या बी.एड.ला कुणी विचारत नाही. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी मॉसन लेक्समधल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या इंग्रज कादंबरीकार बाईची टायपिस्ट. तिला आता दिसत नाही, फक्त जाड मार्करने लिहिलेली मोठी अक्षरं तेवढी कळतात. ती बोलते, मी टाईप करते. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाले तर "डोन्ट मॅडम मी!" माझ्या आईपेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि नुसतं ऑड्री! जीभ अजून अडखळते.

एकतीस ऐतिहासिक कादंबऱ्या हिच्या नावावर. तुर्कस्तान, पेरू, रशिया. एकाही ठिकाणी पाऊल टाकलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि लोकांनी त्या विकत घ्यायच्या! बत्तिसावी वसईची. चूक माझीच. तिने गाव विचारलं आणि मी सांगून बसले.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज रेजिना नदीवर पाणी भरायला गेली. रेजिना म्हणजे नायिका. भुईगावात नदी! बावखल म्हणतात त्याला, बाई, बावखल! प्रत्येक वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्यावर रहाट, रहाटाला बैल, बैलाला झापड. सगळं सांगितलं. "बैलाचं नाव काय होतं?" म्हणे. आमच्याकडे होता त्याचं नाव मोती होतं, हेही सांगितलं. मला काय गरज होती?

स्टीफन म्हणतो, "इतका त्रास होतो तर सोड ना जॉब. नो वरीज." नो वरीज म्हणे! नवरे इथे आले की पहिलं हेच शिकतात.

रविवार, १० ऑगस्ट

आईला फोन. मनगटाचं प्लास्टर निघालं. भाऊ, जेम्स, दवाखान्यात नेऊन आणतो म्हणाली. पुढे नेहमीचंच. "मी बरी आहे. तू बरी? ठेव आता." चार मिनिटं! आठ वर्षं हेच. व्हॉट्सअॅपला पैसे पडत नाहीत हे शंभरदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

लेक लिझा म्हणते, "मम, शी'ज फाइन. नाना जस्ट हेट्स फोन्स." नाना म्हणजे आजी, इथल्या भाषेत. ही युनिव्हर्सिटीत जाते, हिला सगळं कळतं.

फोन आवडत नाही म्हणून नव्हे, ती माझ्यावर रागावलीय. निघालो त्या दिवशीपासून. मुंबईच्या विमानतळापर्यंत आली होती, जेम्सच्या जीपमध्ये, मांडीवर माझी पर्स धरून. मी ट्रॉली ढकलत दारातून आत गेले आणि वळून पाहिलं, तर आई पाठमोरी! चालायलाही लागली होती. हात हलवला नाही. बाकीच्यांच्या आया काचेला नाक लावून उभ्या होत्या.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

शेजारची कौमुदी पुण्याहून परत आली. येताना ठाण्याला बहिणीकडे गेली होती, तिथे जेम्सने आईने पाठवलेली सुकेळी, आमची उन्हात वाळवलेली केळी, नेऊन दिली होती. आणि ही बया विमानतळावरच्या कार्डावर टिक करून मोकळी. ऑफिसरने पुडा उघडला, वास घेतला, सॉरी म्हणाला आणि टाकला कचऱ्यात!

"अगं, डिक्लेअर करावंच लागतं ना, फ्लाविया. फाइन बसतो." बरोबर आहे तिचं. कायदा तो कायदा. पण मला तिच्याशी आज बोलायचं नाही. प्लास्टरमधल्या हाताने बांधलेला पुडा होता तो.

सोमवार, १ सप्टेंबर

आज हद्द झाली. रेजिना सुकेळी करतेय. केळी *सालीसकट* वाळत घालते!

मी खुर्चीवरून उठले. अक्षरशः उभी राहिले. म्हटलं, "सालीसकट केळं वाळवलं तर ते कुजेल! राजेळी केळी लागतात. पिकू द्यायची, सोलायची, आठ-दहा दिवस कडक उन्हात, रोज संध्याकाळी आत घ्यायची. दव पडलं की मेलं सगळं. मग केळीच्याच सुक्या पानात आवळून बांधायची. हातभर लांब पुडा. उघडला की घरभर वास सुटतो!"

आणि एकदम रडू आलं. ऑड्रीला दिसत नाही, बरं झालं. पण ऐकू येतं. तिने टिशूचा खोका पुढे सरकवला. तोही चुकीच्या दिशेला.

बुधवार, १० सप्टेंबर

सापडलं!! चोरी सापडली!

ऑड्री डॉक्टरकडे गेली होती, मला म्हणाली कार्डांची पेटी लावून ठेव. प्रत्येक पात्राचं एक कार्ड असतं, जाड मार्करने लिहिलेलं. रेजिना, रेजिनाची आई, पोर्तुगीज कारकून. शेवटी एक कार्ड: फ्लाविया.

"विचारलं तर म्हणते, काही विशेष नाही. चुकीचं सांगितलं तर तासभर बोलते. चहा: चाललं. नदी: फारच छान चाललं. केळ्याची साल: उभी राहिली!"

कपाळावर हात मारून घेतला. ती आल्या आल्या कार्ड टेबलावर आपटलं. लाज वाटावी की नाही? हसली! खोकला येईपर्यंत हसली. म्हणे चाळीस वर्षं हेच करते. पोर्ट अॅडलेडच्या ग्रीक मासेवाल्याला सांगितलं, ऑक्टोपस जिवंतच उकळत टाकायचा ना? तो दोन तास बोलला, हिची पाच प्रकरणं झाली. "मला कुठे जायची गरजच पडली नाही. सगळं जग अॅडलेडला येऊन राहिलंय आणि प्रत्येकाला दुसऱ्याची चूक काढायची असते."

यापुढे एक अक्षर सुधारणार नाही. घाल केळ्याला साल, पाज बैलाला चहा!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रेजिनाने लग्नात पांढरा झगा घातला. मी सोळा मिनिटं गप्प बसले. घड्याळ लावून. मग सांगितलंच की आमच्याकडे लाल लुगडं. मास्तरीण ती मास्तरीणच.

शनिवार, २० सप्टेंबर

बाल्कनीत सुकेळी घातली. क्वीन्सलंडची केळी. लॉरिकीट पोपट आले, हिरवे-निळे, आरडाओरडा करत, दोन खाऊन गेले. स्टीफनने क्रिकेटची जाळी आणून बांधली.

सोमवार, २९ सप्टेंबर

जे काही काळं-चिकट झालं ते डब्यातून ऑड्रीकडे नेलं. तिने एक खाल्लं, बोटं चाटली. "असंच लागतं?" नाही, म्हटलं, अजिबात असं लागत नाही. "मग कसं लागतं?" या वेळी मी सांगितलं नाही. मलाच आठवेना.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

तिच्या कपाटातल्या एकतीसही कादंबऱ्यांचं शेवटचं पान वाचून काढलं. गुरुवारी मी घरीच असते, म्हणून बुधवारी सगळ्या पिशव्यांत भरून आणल्या होत्या. कव्हरांवर त्याच त्या वाऱ्यात केस उडवणाऱ्या बायका. पहिली १९७१ची. एलिझाबेथ नावाच्या उपनगरात, कंपनीच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलेली. दहाव्या-बाराव्या कादंबरीपर्यंत टीव्हीवर मालिका, विमानतळांवर थप्प्या. पंचविसावीनंतर कव्हरं स्वस्त होत गेलेली दिसतात. शेवटच्या दोन कुणी वाचल्या असतील असं वाटत नाही.

पण शेवट! एकतीस नायिका, एकतीसही निघून जातात. कुणी गलबतातून, कुणी होडीतून, रशियाची तेवढी घसरगाडीतून. आणि प्रत्येकीची आई काठावर उभी राहून रडते. प्रत्येकीची! एकाही लंडनच्या संपादकाच्या लक्षात आलं नसेल? पाचवीतल्या पोराने एवढी कॉपी केली असती तर मी पालकांना बोलावलं असतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

भांडण. खरंखुरं.

कादंबरीत वसईचा किल्ला पडला, मराठ्यांनी घेतला. तह झाला. ज्यांना जायचंय त्यांनी आठ दिवसांत बायकापोरांसकट जहाजाने जावं, राहतील त्यांना त्रास नाही. ऑड्री म्हणाली, "आता रेजिनाची आई तिला धक्क्यावर आणते. कारकून वाट बघतोय. रेजिना बोटीत बसते."

मी टाईप केलं नाही. म्हटलं, रेजिना बोटीत बसत नाही.

"का?"

"कारण आमच्या बायका गेल्या नाहीत! राहिल्या. बावखलं राखली, केळी लावली, नवा राजा जुना राजा सगळ्यांना तोंड दिलं. त्या राहिल्या म्हणून मी आहे."

मला वाटलं, हीसुद्धा तिची चलाखी, मला बोलतं करायची. पण नाही. चेहरा दगडासारखा. "जी राहते तिची कादंबरी होत नाही, फ्लाविया."

"मग तुला कादंबरीच लिहिता येत नाही!" सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला म्हणाले. तोंडावर.

ती शांतपणे म्हणाली, "तू तर बसलीस बोटीत. तुझं काय?"

पर्स उचलली आणि निघाले. इंटरचेंजला तीन बस सोडल्या, कारण रडत बसमध्ये चढायचं नव्हतं.

लिहून टाकते एकदाचं. मी गेले ते चुकलं का? आठ वर्षं हाच प्रश्न पोटात घेऊन फिरतेय. आई ब्याऐंशीची, एकटी मोठ्या घरात, जेम्स त्याच्या संसारात. निदान रेजिनाने तरी राहावं. एक तरी राहिली असं कागदावर असावं. मला एवढंच हवंय, आणि ती म्हातारी तेवढंही देत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

गेले नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

गेले. (स्टीफन: "तुला करमत नाही, मान्य कर." मान्य नाही.)

ऑड्री दारातच उभी होती, वॉकर धरून. बस कधी येते ते तिला आवाजावरून कळतं. सॉरी कुणीच म्हणालं नाही. चहा केला, दूध घालून, १७३९चा.

मग तिने आपणहून सांगितलं. एवढ्या मुलाखती छापून आल्यात हिच्या, त्यात कुठेच नाही. १९६४. सरकारी योजनेतून, दहा पौंडांत इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया. टिलबरीचा धक्का. तिची आई हल या गावाहून आली होती, दोन गाड्या बदलून, डोक्याला रुमाल. ऑड्री डेकवर गर्दीतून पुढे घुसली, हात वर केला, आणि पाहिलं तर आई वळली होती. गर्दीतून वाट काढत चाललेली, पाठमोरी. जहाजाने अजून दोरसुद्धा सोडले नव्हते! पाच वर्षांनी आई गेल्याची तार आली. भेट नाहीच.

"तिने मला माफ केलं नाही," ऑड्री म्हणाली. "म्हणून मी एकतीस आया लिहिल्या. काठावर उभ्या राहणाऱ्या. रडणाऱ्या, हात हलवणाऱ्या. एक तरी नीट निरोप देईल म्हणून."

मग मीही सांगितलं. मुंबई, ट्रॉली, काच, आईची पाठ. शेवटी तीच म्हणाली, "ठीक आहे. नको बसू दे रेजिनाला बोटीत. राहू दे."

बुधवार, २९ ऑक्टोबर

दोन आठवडे एक अक्षर नाही. ऑड्री म्हणते, राहायचं कसं ते मला माहीत नाही, कधी केलेलंच नाही. मी म्हटलं, मलाही नाही. लंडनच्या संपादकाला तीस नोव्हेंबरपर्यंत हवंय. छातीत धडधडतं म्हणते आणि गोळी घ्यायची विसरते. आता गोळ्याही मीच देते. टायपिस्ट म्हणे!

बुधवार, १२ नोव्हेंबर

झालं. शेवटचं प्रकरण. रस्त्यावर जॅकरंडा नुसती फुललीय आणि आम्ही दोघी खिडक्या लावून आत. तिला उजेड सोसत नाही.

रेजिनाची आई तिला धक्क्यावर आणते, पदराने डोळे पुसते. रेजिना एक पाय बोटीत ठेवते. मग तो काढून घेते. परत फिरते, आईचा हात धरते, दोघी चालत वाडीत येतात. बैल रहाटाला जुंपलेला. शेवटचं वाक्य: "पाणी वर येत होतं."

मी टाईप करून वाचून दाखवलं. शाळेपासून पर्समध्ये असलेल्या माझ्या लाल पेनला काही कामच नव्हतं. ऑड्री म्हणाली, "खूश?" हो म्हटलं. सोमवारी पाठवायचं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आईला ते प्रकरण वाचून दाखवलं. सगळं, मराठी करत करत. तिची बोली मला कागदावर नीट उतरवता येत नाही, पण वाचताना आपोआप त्याच बोलीत वाचलं गेलं. पेज, बावखल, मोती बैल. मध्ये कुठेच "ठेव आता" नाही! सतरा मिनिटं! श्वास ऐकू येत होता.

शेवट वाचला. रेजिना परत फिरते. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. इतकी वर्षं मला जे सांगता आलं नाही ते यात आहे, तिला कळेल. मीच बोलले, "आई, मी येऊ का परत? कायमची?"

"ठेव आता," म्हणाली आणि फोन बंद.

स्टीफनने चहा आणून ठेवला. काही विचारलं नाही. शहाणा आहे तसा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दहा वाजता, लंडनला पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात फोन. आई! आठ वर्षांत पहिल्यांदा तिने केलेला. तिकडे पहाटेचे पाच, चर्चमध्ये मिस्साला निघाली होती.

"रात्रभर झोपले नाही तुझ्या त्या पोरीपायी. वेडी आहे का ती? आईने काळजावर दगड ठेवून बोटीपर्यंत आणलं, आणि ही परत फिरते? आणि चूक आईचीही. रडत उभी कशाला राहिली तिथे? मी राहिले का? मी लगेच वळले. मागे बघितलं असतं तर तू ट्रॉली टाकून परत आली असतीस, मला माहीत नाही का तू! म्हणून नाही बघितलं. जीपपर्यंत कशी गेले ते जेम्सला विचार. तू परत यायचं नाव काढू नकोस. सुकेळी पाठवते." आणि ठेवला.

ऑड्री विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "ते वळण्याचं, पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

मग मी शेवटचं पान काढलं आणि लाल पेन घेतलं. रेजिना बोटीत बसली. तिची आई पाठ करून भराभर चालत गेली.